कुंदाने बदललेला शेवट

कुंदा कुठलंही पुस्तक शेवटच्या पानापासून वाचायची. लायब्ररीच्या काउंटरवर पुस्तक हातात पडलं की उभ्याउभ्याच मागचं पान उघडणार, ओठ हलवत वाचणार आणि "बरं आहे" किंवा "मेला वाटतं" असं म्हणून ते पिशवीत टाकणार. माझा तर जीव जळायचा. मी रहस्यकथा वाचणारी मुलगी. एकदा माझ्या हातातलं पुस्तक ओढून घेऊन तिने मागचं पान पाहिलं आणि सगळ्या मुलींसमोर जाहीर केलं, "डॉक्टरनेच मारलाय." मी तिच्याशी बोलणं सोडलं. ती बाजूला बसून माझ्याच डब्यातली भाजी खात राहिली, त्यामुळे ते फार टिकलं नाही.

"अगं, शेवट कळल्यावर वाचण्यात काय मजा?" मी तिला विचारलं होतं.

"मजा कसली? आमच्याकडे होड्या किनाऱ्याला लागल्या की बाया आधी काय विचारतात? मासळी किती, ते नाही विचारत. सगळी आली का, ते विचारतात. आली म्हटलं की मग वारा कुठला होता, जाळं कुठं फाटलं, ते बसून ऐकायचं. आधी माणसं, मग गोष्ट."

ती अर्नाळ्याची, तांडेलाची मुलगी. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, सुकाणू त्याच्या हातात. मी मनवेलपाड्यातली. आमचे वडील कोकणातून आलेले, मुंबईत नोकरी आणि विरारमध्ये दोन खोल्या. नव्वदच्या दशकात आम्ही दोघी विरारच्या कॉलेजात बी.ए.ला मराठी घेऊन बसलो होतो. मराठी घेणाऱ्यांत निम्मी मुलं दुसरं काही न मिळाल्यामुळे आलेली. कुंदा मात्र ठरवून आली होती. बारावीनंतर घरच्या एका दुर्दैवामुळे तिचं शिक्षण थांबलं होतं, म्हणून ती वयाने आमच्यापेक्षा मोठी होती आणि ते ती आम्हाला विसरू देत नसे.

तिची पुस्तकं दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत गुंडाळलेली असायची, तरी त्यांना सुक्या बोंबलांचा वास यायचाच. नवीन बिल्डिंगमधल्या काही मुली नाक मुरडून बाक बदलत. कुंदा मोठ्याने म्हणायची, "येऊ दे वास. रविवारी तुमच्या घरी येतो तेव्हा ही नाकं कुठं ठेवता?" एकदा कंडक्टरने तिला बोंबलांच्या पिशवीवरून एस.टी.तून खाली उतरायला सांगितलं, तर ही बया दाराच्या पायरीवरच ठाण मांडून बसली. बस हलेना, मागून लोकांच्या शिव्या. "मी उतरते, पण मग पुढच्या आठवड्यात माझ्याकडे बोंबील मागायचे नाहीत," असं ती त्याला म्हणाली. आख्खी बस हसली आणि कंडक्टरने गुपचूप घंटी मारली. अशी होती. तोंडाने फटकळ, आणि डोळ्यांत सतत काहीतरी मोजत असल्यासारखी. वर्गात शिरली की आधी सगळ्या बाकांवरून नजर फिरवायची, कोण आलं, कोण नाही. आम्ही त्याची टिंगल करायचो.

शेवटच्या वर्षाला आम्हाला एक जुनी परदेशी शोकांतिका होती, मराठी भाषांतरातली. एका तटबंदीच्या शहराची राणी असते. शत्रू तिच्या सैन्याचा पाठलाग करत येतो, ती वेशीचा दरवाजा बंद करायला सांगते. तेवढ्यात कळतं की तिचा मुलगा बाहेरच राहिलाय. तो दारावर हात आपटतो, आईला हाक मारतो. दार उघडलं तर शत्रू आत घुसणार. राणी दार उघडू देत नाही. मुलगा दाराशी मारला जातो, शहर वाचतं. आणि पाचव्या अंकात, शत्रू निघून गेल्यावर, राणी अंगावरचे दागिने उतरवते, अनवाणी बाहेर जाते, मुलाच्या प्रेताशेजारी बसते आणि तिथेच प्राण सोडण्यासाठी आपल्यामागे दार बंद करून घ्यायला सांगते. संपलं नाटक.

पाठक मॅडमनी आम्हाला सांगितलं होतं, "नाटक वाचून तुम्हाला स्वतःला काय वाटलं ते लिहून आणा. गाइडमधलं एक वाक्य दिसलं तर कागद फाडून हातात देईन." आम्ही सगळ्यांनी गाइडमधलंच लिहिलं, फक्त शब्द इकडचे तिकडे केले. नियती, अटळता, अंतर्द्वंद्व. मॅडमचा चेहरा वाचता वाचता पडत गेला. मग कुंदाचा कागद आला आणि त्या खुर्चीत सरळ झाल्या. म्हणाल्या, "हे मी मोठ्याने वाचते."

कुंदाने लिहिलं होतं की राणीने दार बंद ठेवलं ते बरोबर केलं, पण नाटककाराने तिला बाहेर पाठवलं ते चूक आहे. मेलेल्या मुलाजवळ जाऊन बसणं सोपं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गावात उठायचं, पाणी भरायचं, ज्यांची मुलं वाचली त्यांची तोंडं बघायची, हे कठीण. खरी शोकांतिका तिथे सुरू होते आणि नाटककार तिथून पळून गेला.

"पण कुंदा," मॅडम म्हणाल्या, "ती स्वतःला शिक्षा करून घेते आहे ना."

"शिक्षा कशाची, मॅडम? चूकच नाही, तर शिक्षा कुठनं आली?"

"आई म्हणून तिला काही वाटणारच की."

"वाटू दे ना. आत राहून वाटू दे." एवढं बोलून ती खाली बसली.

त्या दुपारी एस.टी. स्टँडवर तिने मला नितीनचं सांगितलं. नितीन तिचा धाकटा भाऊ. कुंदाच्या बारावीच्या वर्षी तो वडिलांच्या होडीवर होता. परतताना वारा उलटला, एक लाट मागून आली आणि त्याला घेऊन गेली. तो तरंगत होता, हाका मारत होता. पण होडी मागे वळवायची म्हणजे लाटांना आडवी घालायची, आणि आडवी घातली की ती उलटणार. होडीवर गावातली आणखी माणसं होती, कुणाची पोरं, कुणाचे नवरे. तांडेलाने सुकाणू सरळ धरलं. सगळे वाचले.

"आमच्याकडे तांडेल सगळ्यांच्या शेवटी उतरतो," कुंदा म्हणाली. "नितीन नेहमी पहिली उडी मारायचा, दोर घेऊन. त्या दिवशी एकेक उतरत गेले. आये किनाऱ्यावरनं बघतच राहिली. मग बाबा उतरला. त्याच्यामागं कोणीच नव्हतं."

बस आली, तिने पिशवी उचलली आणि चढली.

पुढच्या रविवारी मी तिच्या घरी गेले. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते, तोंडात तोंड अडकवलेले. ओसरीवर दामूकाका, म्हणजे तिचे वडील, जाळं विणत बसले होते. आडवा-उभा माणूस, पण बोलणं इतकं हळू की वाकून ऐकावं लागे. आतून तिची आई, ताराबाई, बाहेर आली, काकांपासून हातभर अंतरावर उभी राहिली आणि कुंदाला म्हणाली, "त्याला सांग, जेवान वाढलंय."

कुंदा म्हणाली, "बाबा, जेवायला वाढलंय."

काका म्हणाले, "आलो म्हनून सांग."

मला आधी वाटलं नवरा-बायकोची थट्टा चाललीय. मी हसलेसुद्धा. मग कुंदाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू गिळलं. नितीन गेल्यापासून त्या घरात ताराबाई नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. भांडण नाही, आदळआपट नाही. त्याचे कपडे धुवायची, त्याला आवडतं तसं कालवण करायची, फक्त त्याच्याशी बोलायची नाही. कुंदाचं कॉलेज, तिचा अभ्यास, तिचा फटकळपणा, सगळं त्या दोघांच्या मधोमध उभं होतं. तिला दुसरं काहीच नको होतं हो. आईने बापाला एकदा हाक मारावी, एवढंच.

जेवताना काकांनी मला विचारलं, "तू पन वाचलीस ती रानीची गोष्ट?"

"हो काका."

"बाई खंबीर. तिला गाव होतं सांभाळायला." जाळ्याकडे बघत ते पुढे म्हणाले, "बरं झालं वाचली. म्हातारी होऊन मेली म्हनं."

मी कुंदाकडे पाहिलं. तिने ताटाआडून मला असा चिमटा काढला की दुसऱ्या दिवशीपर्यंत वळ होता.

नंतर समुद्राकडे चालताना तिने उलगडा केला. ती नाटक पाठ करत होती तेव्हा काकांनी सहज विचारलं, कसली गोष्ट आहे. तिने सांगितलं. दार बंद ठेवलं इथपर्यंत आली आणि काकांचा हात जाळ्यावर थांबला. त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे त्यांनी लगेच शेवट विचारला, "रानीचं काय झालं? वाचली का?"

"मग काय सांगणार होते मी?" कुंदा माझ्यावरच खेकसली. "जाऊन मेली म्हणून सांगू? माझ्या बापाला? वाचली म्हटलं. गावात राहिली, रोज सकाळी वेस उघडायला लावायची, म्हातारी झाली."

तेव्हापासून काका रोज संध्याकाळी नाटक वाचायला सांगत. जाळं विणता विणता ऐकत; शेवटचा अंक कुंदा मनानेच रचून वाचायची. किती दिवसांनी त्यांच्या तोंडून चार वाक्यं यायला लागली होती. राणीच्या प्रधानाला शिव्या घालत, पहारेकऱ्यांची कीव करत. आत चुलीपाशी ताराबाई ऐकायची. मुलगा दारावर हात आपटतो तो भाग आला की आत भांडं वाजायचं. कुंदाला तेही बरं वाटायचं. म्हणायची, "दोघं एकच गोष्ट ऐकतायत ना, तेवढं पुरे. बघ तू, बोलेल ती." मी मान डोलवायचे. मलाही वाटायचं, बोलेल.

आणि मग कॉलेजचं स्नेहसंमेलन आलं. पाठक मॅडमनी त्याच नाटकाचे शेवटचे दोन अंक बसवायचं ठरवलं. राणीचं काम त्यांनी कुंदाला देऊ केलं, ती नाही म्हणाली. पण अख्खं नाटक तोंडपाठ असणारी ती एकटीच, म्हणून प्रॉम्प्टिंग तिच्याकडे गेलं. राणी झाली चंदनसारची शिल्पा, उंच आणि आवाजाची धारदार. मला पुठ्ठ्याचा भाला देऊन वेशीवर उभं केलं होतं, विंगेच्या अगदी जवळ. संवाद एकही नव्हता, माझी बडबड मॅडम पुरत्या ओळखून होत्या.

कुंदाने घरी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. पण अर्नाळ्याहून आणखी एक मुलगा होता आमच्या कॉलेजात. त्याने दामूकाकांना सांगितलं, तुमच्या पोरीचं नाटक आहे, त्या राणीचं. चौथा अंक सुरू झाला आणि मी भाला धरून समोर पाहिलं, तर तिसऱ्या रांगेत काका. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, गुडघ्यांवर हात. दोन खुर्च्या सोडून ताराबाई.

मी डोळ्यांनी विंगेकडे खुणावलं. कुंदाने पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि तिच्या तोंडावरचा रंगच उडाला.

चौथा अंक काका पुढे वाकून पाहत होते. राणी दार उघडायला नकार देते तिथे त्यांनी मान हलवली, आपल्या ओळखीच्या माणसाला हलवावी तशी. मग पाचवा अंक. शिल्पाने एकेक दागिना उतरवायला घेतला. आणि विंगेतून कुंदाचा आवाज आला. आधी कुजबुज, मग त्याहून मोठा. नाटकात नसलेलीच वाक्यं.

"थांब. दागिने घाल परत. आत जा."

शिल्पा क्षणभर गोंधळली. विंगेकडे तिने पाहिलं.

"आत जा म्हणते ना! पहारेकऱ्याला सांग, उद्या सकाळी वेस उघड. सांग की!" आता ती तिच्या घरच्या बोलीवर आली होती. "नको जाऊ गं बाय, नको जाऊ भायेर."

पण शिल्पाने महिनाभर तालमी केल्या होत्या. तिला वाटलं, कुंदा दुसरंच पान वाचतेय. तिने कान बंद केले आणि पाठ केल्याप्रमाणे अनवाणी वेशीबाहेर गेली, पोराजवळ बसली आणि दार लावा म्हणाली. दार लावणं माझं काम. मी लावलं. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं.

भाला टाकून मी खाली धावले. कुंदा माझ्याही आधी पोहोचली होती. लोक उठत होते, खुर्च्या सरकत होत्या. काका बसूनच होते, हात तसेच गुडघ्यांवर. कुंदाला बघून एवढंच म्हणाले, "तू तर सांगितलंस, वाचली."

तेव्हा ताराबाई त्या दोन खुर्च्या ओलांडून आली. नवऱ्यासमोर उभी राहिली. मी जवळच होते, माझ्या कानांनी ऐकलं. नितीन गेल्यानंतर पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली.

"ती गेली बघ पोराकडं. तू कवा जानार?"

कुंदा ओरडली, "आये, नाटक आहे ते!"

"माझा नितीन नाटकात नव्हता," ताराबाई म्हणाली आणि चालायला लागली.

काका उठले, शर्ट झटकला आणि तिच्या मागोमाग निघाले, नेहमीसारखे चार पावलं मागे. तो आठवडा संपायच्या आत त्यांनी होडी पुतण्याच्या हवाली केली आणि कुंदा कॉलेजात असताना एक पिशवी घेऊन घर सोडलं. संध्याकाळी ती घरी गेली तर ताराबाई चुलीपुढे बसलेली. कुंदाने विचारलं, बाबा कुठाय? ती म्हणाली, "गेला."

माणूस सापडला, पण फार उशिराने. दूर रत्नागिरीकडच्या एका बंदरावर, दुसऱ्याच्या होडीवर साधा खलाशी म्हणून. सुकाणूला हात लावत नसे म्हणे. कुंदा आणायला गेली, त्यांनी तिला चहा पाजला आणि परत पाठवलं. पुढे ती दर सुट्टीत जायची. कपडे न्यायची, औषधं न्यायची. एकदाही तो माणूस परत यायला तयार झाला नाही. आईचं नावही काढलं नाही.

कुंदा पास झाली. बी.एड. करून जवळच्याच एका शाळेत शिकवायला लागली. लग्न केलं नाही. आईजवळच राहिली, तिच्याशी बोलायची, तिचं सगळं करायची. मी एकदा तिडिकीने विचारलं, "तुला राग नाही येत तिचा?"

"येतो ना," ती म्हणाली. "पण मला माझाच जास्त येतो. बाबाला खरा शेवट आधीच सांगितला असता ना, तर तो नाटक बघायला आलाच नसता."

"वेडी आहेस का? तुझं काय चुकलं त्यात?"

"मी पण तेच लिहिलं होतं की राणीबद्दल," ती म्हणाली आणि हसली. ते हसू मला अजिबात बघवलं नाही. तिच्यावर चिडले मी, मॅडमवर चिडले, त्या कुठल्या शतकातल्या मेल्या नाटककारावरसुद्धा चिडले. चिडण्यापलीकडे माझ्या हातात काय होतं?

मग मध्ये बरीच वर्षं गेली. माझं लग्न, मुलं. मोबाइल सगळ्यांच्या हातात आले. एका सकाळी तिचा फोन आला. "बाबा गेला रात्री. मी त्याच्यापाशीच होते, घेऊन येतेय त्याला."

मी अर्नाळ्याला पोहोचले तेव्हा गाडी दारात आली होती. कुंदा पुढच्या सीटवरून उतरली, केस पांढरे व्हायला लागलेले, साडीचा बोळा झालेला. रात्रभराचा प्रवास होता. पुरुषांनी काकांना ओसरीवर ठेवलं. तो एवढा मोठा माणूस, पण चादरीखाली काही राहिलंच नव्हतं. बायका रडायला लागल्या, पण सगळ्यांचं लक्ष आतल्या दाराकडे. ताराबाई येईल की नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं.

ती आली. भिंतीला धरत, वाकलेली. त्यांच्या डोक्याशी बसली, चादर खाली केली आणि कपाळावरचे केस मागे सारले. आणि बोलायला लागली. आधी कुणाला नीट कळलंच नाही ती कुणाशी बोलतेय. घराचं छप्पर बदललं ते सांगत होती. पुतण्याला दोन मुली झाल्या, होडीला नवीन इंजिन बसवलं, शेजारचा म्हातारा मागच्या पावसाळ्यात गेला, सगळं सांगत होती. पाय किती सुकलेत रे तुझे, म्हणत होती. जेवत होतास का, कोन करून घालत होतं? मग ती थांबली. त्यांच्या गालावर तिने हात ठेवला.

"आयुष्यात माझं एक ऐकलं नाहीस," ती म्हणाली. "आनि त्या नाटकाच्या दिवशीचं तेवढंच ऐकलंस?"

नंतर ती पुन्हा बोलायला लागली, नितीनच्या लहानपणाचं काहीतरी, त्याला पहिल्यांदा होडीत घेतलं होतं त्या दिवसाचं. भरती चढत होती. स्मशान किनाऱ्यावर, पाणी वर यायच्या आत आटपायला हवं होतं. पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. दोघं पुढे झाले, एकाने ताराबाईच्या खांद्याला हात लावला.

कुंदा मध्ये आली आणि तिने त्याचा हात बाजूला केला.

"थांबा," ती म्हणाली. "तिचं बोलून होऊ दे."

मग ती तिथेच, आई आणि बापाच्या पायांशी, खाली बसली. आम्ही सगळे उभे राहिलो.